मत्तयपावणं वाढाय उठलं

उचगावच्या चर्चमध्ये एक माणूस सातासमुद्रापलीकडून खास सेवा करायला आला आणि वर्षभर त्याला कुणी साधी केरसुणी उचलू दिली नाही, असं सांगितलं तर पुण्याकडच्या माणसाला ती थाप वाटेल. कोल्हापूरचा माणूस उलट तुमच्यावरच डाफरेल. म्हणेल, मग? पावण्याला काय कामाला लावायचं असतंय व्हय?

माणसाचं नाव मथियास. जर्मनीच्या उत्तरेला ब्रेमेनजवळच्या एका खेड्यातला. वय सत्ताविशीचं आणि उंची अशी की उचगावातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीशी त्याच्या कपाळाची ओळख झालेली. तिकडं तो वृद्धाश्रमात कामाला होता. म्हाताऱ्यांना आंघोळ घालावी, त्यांची अंथरुणं बदलावीत, गळके नळ नीट करावेत, पडेल ते काम करावं आणि रात्री गाढ झोपावं, असा त्याचा साधा हिशेब. तिकडच्या चर्चनं त्याला दोन वर्षांच्या सेवेसाठी उचगावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, पाठवलं. मंडळीनं पहिल्याच रविवारी त्याचं नाव बदलून टाकलं. मथियास म्हणताना जीभ अडखळत होती. बायबलातल्या शुभवर्तमानातला मत्तय सगळ्यांच्या सवयीचा, म्हणून हा मत्तय. आणि परगावाहून आलेला, म्हणून मत्तयपावणं.

त्याची राहायची सोय झाली आकारामांच्या माडीवर. आकाराम म्हणजे मंडळीचे थोरले पंच. वारणानगरला साखर कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले, स्वभावानं मऊ, मटणाचे भोक्ते. त्यांच्या बायकोला सारं चर्च आक्का म्हणायचं. आक्का मऊ नव्हती. आक्कानं परसात आवाज टाकला की समोरच्या गल्लीतली पोरं अभ्यासाला बसायची. मुलगी अस्मिता कॉलेजात इंग्रजी शिकवायची, त्यामुळं मत्तयचं काही अडलं की तीच मध्ये पडायची. एरवी त्याचं काम पुस्तकी मराठीवर चालत होतं.

तर, पहिल्या सोमवारी मत्तयनं चर्च झाडायला घेतलं. दोन फराटे मारले असतील नसतील, आकाराम धावत आले. एका हातानं केरसुणी काढून घेतली, दुसऱ्या हातातली प्लास्टिकची खुर्ची त्याच्या मागं सरकवली आणि म्हणाले, “पावणं, बसा की.” तेव्हापासून ती खुर्ची काही त्याचा पिच्छा सोडेना. जाईल तिथं ती आधी हजर. अंगणात खुर्ची, शाळेत खुर्ची, एकदा तर स्मशानभूमीत कुणाच्या तरी दफनाला गेला, तिथंही एक पोरगं डोक्यावर खुर्ची घेऊन मागं उभं.

मत्तयनं हार मानली नाही. आजारी माणसांना भेटावं, त्यांची पाठ चेपावी, असं त्यानं ठरवलं. मंडळीतला एक म्हातारा तापानं अंथरुणाला खिळला होता, त्याच्याकडं गेला. पावणं आलं म्हटल्यावर म्हातारा ताडकन उठला, स्वतःच्या अंथरुणावर मत्तयला बसवलं, बायकोला अंडी आणायला दुकानात पिटाळलं आणि आमलेट होईपर्यंत थंड फरशीवर बसून गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मग चर्चच्या भिंती रंगवायला निघाल्या, तेव्हा मत्तयनं ब्रश धरला. पोरांनी तो हसत हसत काढून घेतला, चार दिवस खपून भिंती रंगवल्या आणि रंगकाम पूर्ण झाल्याबद्दल सत्कार केला. कुणाचा? मत्तयचा! शाल, श्रीफळ, फेटा. अस्मितानं सांगितलं, “तुम्ही खुर्चीत बसून प्रेरणा दिलीत ना, म्हणून.” शेवटी तो एकदा पहाटे उठून चर्चचा संडास धुवायला गेला. तिथं आक्कानं त्याला पकडलं. ती अशी किंचाळली की शेजारी काठ्या घेऊन धावले. “आमी मेलोय काय? पावणं संडास धुवाल्यात!” म्हणून दोन बायका रडल्या. त्या दिवसापासून संडासाला कुलूप लागलं आणि किल्ली आक्काच्या कमरेला. ज्याला घाई असेल त्यानं आधी आक्काला गाठायचं.

आणि जेवण! जेवणाचं काय सांगावं. मंडळीतल्या घरांनी त्याला जेवायला बोलवायची पाळी लावली होती. मत्तय ताटावर हात धरायचा, ‘नको’ म्हणायचा. हळू म्हणून पाहिलं, जोरात म्हणून पाहिलं, हात जोडून पाहिलं. ताटात भाकरी पडायचीच. आकाराम तर शेजारी बसून म्हणायचे, “एवढ्यानं काय होतंय? जिन्यावरनं वर जाईस्तोवर पचतंय.” शेवटी त्यानं अस्मिताला विचारलं, “माझा उच्चार चुकतो का?”

“उच्चार उत्तम आहे.”

“मग लोक ऐकत का नाहीत?”

“ऐकतात की. ऐकतात म्हणून तर वाढतात.”

याचा अर्थ त्याला लागला नाही. पण एक गोष्ट त्यानं मनाशी पक्की केली. कधीकाळी आपल्या हातात पळी आलीच, तर आपण मात्र माणसाच्या शब्दाचा मान राखायचा. बास म्हटलं की बास.

असं पहिलं वर्ष सरत आलं आणि बंगळुरूहून उर्सुलाबाईंचा फोन आला. भारतात सेवेला आलेल्या सगळ्या जर्मन पोरांची देखरेख या बाईंकडं. बाई चांगल्या होत्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी विचारलं, “वर्षभरात तू तिथं काय काम केलंस?”

मत्तयनं खोलीभर नजर फिरवली. कपाटावर शालींची चळत होती. खाटेखाली नारळ होते. तो म्हणाला, “मी... बसलो.”

“पुढच्या रविवारी मी येते,” बाई म्हणाल्या. “चर्चचा वाढदिवस आहे ना? बघते. काम नसेल तिथं माणूस ठेवणं मला पटत नाही. आसामात आपलं हॉस्पिटल आहे, तिथं हात कमी पडतात. तुझं दुसरं वर्ष तिथं जाईल.”

फोन ठेवून मत्तय खाटेच्या कडेवर बसला. आसाम वाईट होतं असं नाही. पण त्याला इथून जायचं नव्हतं, हे त्याचं त्यालाच त्या क्षणी लख्ख कळलं. ब्रेमेनला तो एका खोलीत एकटा राहायचा. तापानं फणफणला तरी तीन दिवसांनी ऑफिसातून फोन यायचा. इथं शिंक आली की खालून आक्का ओरडायची, “काढा आनू का?” या माणसांवर त्याचा जीव जडला होता, अगदी वेड्यासारखा. पण वर्षभर नुसतं घेत राहायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, याची लाजही त्याला आतून खात होती. त्याला राहायचं होतं. फक्त पावणा म्हणून नाही.

त्यानं हे अस्मिताला सांगितलं, अस्मितानं आक्काला सांगितलं. आक्कानं कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काम पायजे व्हय त्यास्नी? मग देऊ की. रविवारी ती बाई येईल, तिच्या शेजारी बसून जेवा म्हणावं. सोबत नगं तिला?” झालं. विषय संपला.

आक्काच्या डोक्याला त्या रविवारी दुसराच घोर होता. अस्मिताचं लग्न निपाणीच्या संगमेशशी ठरलं होतं, आणि त्याची आई रत्नव्वा पहिल्यांदाच उचगावला जेवायला येणार होती. निपाणीकडची माणसं मानपानाला कडक. रत्नव्वाबद्दल तर असं ऐकिवात होतं की एका बारशात तिला लिंबाची फोड द्यायची राहिली, ते तिनं अकरा वर्षं लक्षात ठेवलं. विहीणबाईच्या जेवणात खोट निघाली तर अस्मिताला जन्मभर ऐकावं लागणार, या विचारानं आक्का आठवडाभर धड झोपली नव्हती.

रविवार उजाडला. चर्चच्या अंगणात मांडव पडला. पोरं हायवेवर जाऊन उभी राहिली आणि उर्सुलाबाईंची गाडी दिसताच हलगी कडाडली. बाई पन्नाशीच्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्या फेट्याला नको म्हणाल्या. फेटा बांधला गेला. त्या चालते म्हणाल्या. त्यांना उघड्या जीपमध्ये उभं केलं गेलं.

उपासना झाली, आणि मग घडलं ते मत्तयला अजूनही खरं वाटत नाही. आकाराम त्याच्यापाशी आले, जरा खाकरले आणि म्हणाले, “पावणं, जरा उठतासा? खुर्ची बाईंस्नी देतो.” नवी पावणी आली होती, मोठी पावणी. जुन्या पावण्याचा भाव एका मिनिटात उतरला. खुर्ची गेली, पंखा तिकडं वळला, पाण्याची बाटली तिकडं गेली. मंडळीतली झाडून सारी तरणी पोरं बाईंच्या भोवती गोळा. एकजण छत्री धरून, एकजण रुमाल घेऊन, बाकीचे फोटो काढायला. मत्तयकडं कुणी बघेना. तो मांडवाच्या कडेनं हळूच सटकला आणि चर्चच्या मागं, जिथं मटण शिजत होतं, तिथं पोचला.

तिथं गणपतराव होते. आसपासच्या पाच गावांत मटणाचं जेवण म्हटलं की आचारी गणपतरावच. पातेल्यापुढं बसले की मान वर करायची नाही, हा त्यांचा नेम. ते पातेल्यातच बघत ओरडत होते, “आरं पंगत बसली की! वाढपी कुठं उलथली सगळी? कोण हाय का न्हाई हितं?”

वाढपी पोरं कुठं होती ते तुम्हाला ठाऊक आहेच.

“मी आहे,” मत्तय म्हणाला.

“मग बघालाईस काय? धर पांढरा.” आणि गणपतरावांनी मागं न बघता रश्श्याची बादली त्याच्या हातात दिली.

त्या बादलीचं वजन हाताला लागलं आणि मत्तयच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात कुणी त्याच्या हातात नारळापेक्षा जड काही दिलं नव्हतं. बाह्या सरसावून, डोकं वाकवून तो मांडवात शिरला. पंगत लांबलचक बसलेली. बायकांनी पानात भाकरी, भात, कांदा, लिंबू मांडून ठेवलं होतं. रस्सा आणि मटण सारं आता मत्तयच्या हातात.

पहिलेच आकाराम. त्यांनी सकाळचा चहासुद्धा सोडला होता, या जेवणासाठी. मत्तय वाकून म्हणाला, “काका, वाढू का?”

आता पंगतीत कुणी ‘वाढू का’ विचारतं का हो? पण विचारलं म्हटल्यावर माणूस काय म्हणणार? आकारामांनी रीतीप्रमाणं म्हटलं, “थोडं.” पळी कलंडली आणि त्यांनी रीतीप्रमाणंच वाटीवर हात नेला, “बास, बास.”

मत्तय तिथल्या तिथं थांबला. वाटीचं नुसतं बूड ओलं झालं होतं. त्यानं आकारामांकडं बघून हसून मान डोलावली, म्हणजे ‘बघा, मी ऐकलं’, आणि पुढच्या पानाकडं गेला. आकाराम हात तसाच धरून त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

पुढचा म्हणाला बास. त्याच्या पुढचा तर पळी बादलीतून वर येण्याआधीच म्हणाला. सवयच ती, जीभ आपोआप वळते. मत्तयनं प्रत्येकाचा शब्द झेलला. पांढरा झाला, तांबडा नेला, तो झाला, मटणाचं पातेलं नेलं. “एक फोड?” “एकच, एकच!” एकच फोड. दुसरी फेरी मारली. “घेणार का?” “नको, नको!” “बरं,” आणि मत्तय पुढं. एवढी लांब पंगत त्यानं अशी झरझर उरकली की बादल्या भरल्याच्या भरल्या परत आल्या. छाती अभिमानानं फुगली. त्याच्या मनात आलं, वर्षभर मी जे सोसलं ते या बिचाऱ्यांनीही जन्मभर सोसलं असेल. आज पहिल्यांदा त्यांचं कुणी ऐकलं.

पंगतीत एकच माणूस पोटभर, सुखानं जेवत होतं, आणि त्या उर्सुलाबाई. त्यांनी थोडं मागितलं, थोडं मिळालं. पुरे म्हणाल्या, थांबलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. शेजारी बसलेल्या अस्मिताला त्या म्हणाल्या, “किती व्यवस्थित वाढतो हा.”

बाकी पंगत गप्प. माणसं एकमेकांच्या वाट्यांत डोकावत होती. कोरडी भाकरी चावत होती. मागायचं कसं? पंगतीत बसून, परदेशी पाहुणीसमोर, आपल्या तोंडानं ‘मटण वाढा’ म्हणायचं? त्यापेक्षा जीव गेलेला बरा. आकारामांना उचकी लागली. ती शांतता इतकी वाढली की मागं गणपतरावांनी चक्क पातेल्यातून मान वर काढली. “काय रं, कोण वारलं काय?”

आणि मग रत्नव्वा उठली. पानातली भाकरी अर्धी तशीच. वाटीतला थेंब तसाच. पदर सावरत, गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पोट भरलं बाई. उचगावात लईच बेतानं वाढत्यात की. आमच्या निपाणीत अशी सवय न्हाई बघा.”

आक्का मांडवाच्या दारात एका हातात भाकऱ्यांची चवड, दुसऱ्यात उलथनं घेऊन उभी होती. तिनं विहिणीचं पान बघितलं. नवऱ्याची वाटी बघितली. साऱ्या पंगतीवरनं नजर फिरवली आणि शेवटी बादलीशेजारी हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या असलेल्या मत्तयवर येऊन थांबली.

“आरं ए मत्त्या!”

मांडवातल्या साऱ्या माना एकदम वर झाल्या. उचगावात आजवर त्याला कुणी मत्त्या म्हटलं नव्हतं.

“मुडद्या, माणसं उपाशी मारतोस व्हय रं? बादल्या भरल्यात आनी पानं कोरडी! माझी विहीण उठून निघाली की रं! कुणी सांगितलं तुला ह्यो शानपना कराय?”

उर्सुलाबाईंनी विचारलं, “काय म्हणतात त्या?” अस्मिता घाम पुसत इंग्रजीत म्हणाली, “आई म्हणतेय, मत्तयनं आज फार मनापासून काम केलं.” बाईंनी आक्काच्या हातातल्या उलथन्याकडं बघितलं आणि आपलं पान जरा जवळ ओढलं.

मत्तय चाचरत म्हणाला, “पण आक्का, ते बास म्हणाले.”

“म्हननारच की! देवानं त्वांड दिलंय, म्हननार. तू हात कशाला आवरलास?”

“मग... त्यांना खरंच नको असतं तेव्हा ते काय म्हणतात?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. आक्कानं नवऱ्याकडं बघितलं. सारी पंगत विचारात पडली. आकारामांनी दोन उचक्यांच्या मध्ये बराच विचार करून सांगितलं, “तवा... हात धुवून उठून जात्यात.”

“ऐकलंस?” आक्का गरजली. “बादली घे. आनी विहीणबाई बसल्याबिगर माझ्या म्होरं यायचं न्हाई.”

मत्तयच्या डोक्यात तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. त्यानं बादली उचलली आणि थेट रत्नव्वाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. एवढा उंच माणूस मध्ये उभा म्हटल्यावर तिला जायला जागाच राहिली नाही.

“विहीणबाई, बसा.”

“नगं रे बाबा, भरलं पोट.”

“एवढ्यानं काय होतंय?” मत्तय म्हणाला. पंगत चमकली. हे पुस्तकातलं मराठी नव्हतं. “निपाणीला जाईस्तोवर पचतंय. बसा की!”

वर्षभर ज्याच्या त्याच्या घरी कानांवर पडलेलं सारं आज त्याच्या तोंडातून बाहेर यायला लागलं. “आमच्या हातचं गोड लागंना व्हय? गरिबाचं जेवण चालत न्हाई काय? तुम्ही जेवला न्हाईसा तर मी बी जेवणार न्हाई!” रत्नव्वा बसली. बसली, पण वाटीवर दोन्ही हात पालथे घालून बसली, निपाणीची होती ती. मत्तयनं पळी भरून कलंडती धरली. “हात काढा. न्हाईतर हातावर वाढतो.” पहिला थेंब बोटावर पडला तशी तिनं हात झटकन मागं घेतला, वाटी काठोकाठ भरली, वर दोन फोडी पडल्या, आणि रत्नव्वा खळखळून हसत सुटली. “साकु रे मगा, साकु! मला मारतोस काय?” साकु म्हणजे पुरे, मगा म्हणजे लेकरा. कानडीत हाक मारली म्हणजे रागाचं पाणी झालं, हे आक्काला कळलं आणि तिनं हातातल्या भाकऱ्या भराभरा पानांत टाकायला सुरुवात केली.

मग काय विचारता! मत्तय पंगतीवर तुटून पडला. आकारामांनी वाटी झाकली तर त्यानं भातावर ओतलं. कुणी पान उचलून पाठीमागं लपवलं तर त्याच्या मागं जाऊन वाढलं. उर्सुलाबाई ‘नको, नको’ म्हणाल्या आणि त्यांच्या पानात चार फोडी पडल्या. पंगत अशी गजबजली की हायवेवरच्या माणसांना वाटलं, कुणीतरी निवडणूक जिंकली. मत्तयच्या सदऱ्यावर तांबडा, पँटवर पांढरा, आणि चारी बाजूंनी नुसत्या हाका: “ए मत्त्या, हिकडं!” “मत्त्या, तिकडं भात न्हाई, आंधळा हाईस काय?”

पंगत उठली. मांडवाच्या एका कोपऱ्यात उर्सुलाबाईंनी आकाराम, आक्का आणि मत्तयला बोलावलं. अस्मिता मध्ये बसली. बाईंनी विचारलं, “या मुलानं वर्षभरात इथं काय काम केलं?”

अस्मिता काहीतरी सजवून सांगणार होती. पण आकारामांना खोटं जमत नसे. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, “काय बी न्हाई. आमी करू दिलं न्हाई.”

बाईंनी मान हलवली. मत्तयकडं वळून त्या जर्मनमध्ये बोलल्या, आणि आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “फार चांगली माणसं आहेत ही. पण यांना तुझी गरज नाही. यांचं सगळं यांना येतं. आसामात खरी गरज आहे. उद्या माझ्याबरोबर चल.”

बाई खरं तेच सांगत होत्या. मत्तयनं सदऱ्यावरचा रश्श्याचा डाग नखानं खरवडायला सुरुवात केली.

“काय म्हणाली बाई?” आक्कानं विचारलं.

बाईंनी तेच इंग्रजीत अस्मिताला सांगितलं होतं. अस्मिता हळूच म्हणाली, “त्याला न्यायचं म्हणतात. आपल्याला त्याची गरज नाही म्हणून.”

आक्का बाईंकडं बघतच राहिली. तिला खरोखरच समजेना. “गरज?” ती म्हणाली. “घरातलं पोरगं काय गरज हाय म्हणून ठेवत्यात व्हय?”

उर्सुलाबाईंनी अस्मिताकडं बघितलं. अस्मितानं दिवसभर प्रत्येक वाक्याला साखर लावली होती. हे वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी अजून न उचललेल्या आपल्या पानातल्या मटणाच्या दोन फोडींकडं बघितलं, मत्तयच्या सदऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, “वाढायचं काम त्याला अजून नीट येत नाही, हे मी स्वतः पाहिलं. अर्धवट शिकलेला माणूस मी दुसरीकडं कसा पाठवू? शिकू दे. आणखी एक वर्ष.”

अस्मितानं सांगितलं. आक्कानं नाक मुरडलं. “एका वर्षात? न्हाई जमायचं त्येला.”

मग धांदल उडाली. बाईंना निरोप, रत्नव्वाला निरोप, तिच्यासाठी डबा, डब्यासाठी झाकण. सारं आवरून घरच्या बायका आणि गणपतराव चर्चच्या मागं जेवायला बसले तेव्हा उन्हं कलली होती. घरची माणसं शेवटी जेवतात, ही रीतच. मत्तय भलंमोठं पातेलं घासत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि आज ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तो हात धुवून आला, बायकांच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसला. आक्कानं न बघता त्याच्यापुढं पान सरकवलं. पानात भाताचा ढीग, बादलीच्या तळचा थंड रस्सा, फोड एकही नाही, आणि भाकरीचा एक जळका तुकडा. तो तुकडा त्यानं दोन घासांत संपवला.

“आक्का, भाकरी वाढ.”

“संपली,” आक्का म्हणाली. “सकाळपासनं कुठं उलथलावतास? गप भात खा.”

उचगावात राहून वर्ष होत आलं होतं, आणि पानावर बसल्यावर त्याला कुणी नाही म्हटलेलं हे पहिलंच. मत्तयनं मान खाली घातली, भातावर रस्सा ओतून घेतला आणि डोळे पुसत पुसत सगळं पान चाटून स्वच्छ केलं.